पेशीतले मोर्तब

चेन्नईच्या वायव्येस अंबत्तूरच्या परिसरात ओरगडम नावाची वस्ती आहे. याच नावाचे दुसरे गाव श्रीपेरुंबुदूरच्या बाजूस असून ते मोटारींच्या कारखान्यांमुळे अधिक प्रसिद्धीस आले. येथे अभिप्रेत आहे ते पहिले. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ साली उभी राहिली आणि तिच्या आधाराने या सबंध टापूत लहानमोठ्या यंत्रशाळा वाढल्या. अशा यंत्रशाळेत लेथवर काम करणाऱ्या कारागिराला एक भेद कोणी शिकवावा लागत नाही. वीज गेली की लेथ थांबतो, पण काम संपलेले नसते. काम संपते ते निराळ्या रीतीने. चकमध्ये धरलेली पोलादी कांब फिरत असते, तिच्या टोकाशी वस्तू घडत असते, आणि घडण पुरी झाली की कारागीर पार्टिंगचे पातळ हत्यार आत घालून ती वस्तू कांबेपासून कापून वेगळी करतो. वस्तू खालच्या तबकात पडते. कांब मात्र अद्याप फिरतच असते. तिला थांबवणे ही त्यानंतरची, वेगळी क्रिया होय.

थांबणे आणि संपणे यांतला हा भेद मानवी पेशीलाही पाळावा लागतो, आणि तो पाळण्यात चूक झाली तर माणूस आजारी पडतो. असे असूनही जीवशास्त्राच्या मराठी लेखनात हा भेद सहसा उमटत नाही. त्याचे कारण विज्ञानाच्या अज्ञानात नाही; ते शब्दांच्या निवडीत आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ जीवशास्त्रज्ञांचा न राहता भाषेच्या अभ्यासकांचाही होतो.

आनुवंशिकतेचे आधुनिक शास्त्र आपली परिभाषा लेखनव्यवहारातून उचलते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. डीएनएवरील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होते, तिला प्रतिलेखन म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते, त्याला भाषांतरण म्हणतात. महाराष्ट्रातील दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात हे दोन्ही शब्द आलेले आहेत. ते निवडणाऱ्यांनी चांगली निवड केली, असेच म्हणावे लागते. ‘प्रतिलेखन’ हा शब्द ऐकताच पोथी समोर ठेवून दुसरी पोथी उतरवणारा लेखकू डोळ्यांपुढे येतो, आणि पेशीतील घटनेचे ते चित्र पुष्कळ अंशी यथार्थ आहे. आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर डीएनएच्या धाग्यावरून पुढे सरकत एकेक अक्षराची जोड देत जाते. मानवी पेशीत प्रथिनांच्या जनुकांचे काम करणारे पॉलिमरेज-दोन मिनिटाला सुमारे दोन-तीन हजार अक्षरे उतरवते. स्नायूंतील डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचे जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. त्याची एक नक्कल पुरी व्हायला सुमारे सोळा तास लागतात.

परंतु लेखकूचे हे चित्र एका ठिकाणी वाचकाची फसगत करते. लेखकू पोथीचे शेवटचे पान आले की थांबतो. पानच संपले, मग लिहायचे काय? जनुकाचा शेवट मात्र पानाच्या शेवटासारखा नसतो. डीएनएचा धागा तेथे तुटत नाही; तो तसाच पुढे जातो आणि काही अंतरावर दुसऱ्या जनुकाचा मजकूर सुरू होतो. जुन्या बाडांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही परिस्थिती चटकन उमगेल. एका बाडात अभंग, आख्यान, औषधांचे नुसखे, जमाखर्च असा नाना प्रकारचा मजकूर पाठोपाठ उतरलेला असतो. एक रचना कोठे संपली आणि दुसरी कोठे लागली, हे सांगते ती समाप्तीची ओळ. ती ओळ गळाली तर सूचिकार दोन रचनांची एक रचना करून बसतो. मानवी गुणसूत्र हे असेच एक अखंड बाड आहे. ‘येथे संपले’ असे त्यात कोणीतरी म्हणावे लागते. आपोआप काहीही संपत नाही.

ते कोण म्हणते, याचा उलगडा व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. जनुक चालू कसे होते हा प्रश्न १९६१ पासून, म्हणजे जाकोब आणि मोनो यांच्या प्रसिद्ध सिद्धांतापासून, संशोधकांच्या अग्रभागी होता. शेवटाकडे लक्ष गेले ते नंतर. १९७६ साली निक प्राउडफुट आणि जॉर्ज ब्राउनली यांनी निरनिराळ्या संदेशवाहक आरएनएंच्या शेपटाकडील भाग ताडून पाहिले. या भागातून प्रथिनाचे काहीच घडत नाही. अर्थाच्या दृष्टीने तो मजकुराबाहेरचा. तरीही त्या सर्वांत एक सहा अक्षरी खूण समान आढळली: ए, ए, यू, ए, ए, ए. पाठांतरांची तुलना करून मूळ पाठाचा शोध घेणाऱ्या भाषाभ्यासकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. अनेक प्रती शेजारी शेजारी मांडायच्या आणि जे सर्वांत टिकून राहिले आहे ते महत्त्वाचे मानायचे, हाच तो न्याय.

या खुणेभोवती पुढे घडते ते असे. पॉलिमरेज नक्कल करीत खुणेच्या पलीकडे जाते. नव्याने बाहेर पडलेल्या आरएनएवरील ती सहा अक्षरे प्रथिनांचा एक मोठा संच ओळखतो. त्यातील एक घटक कात्रीचे काम करतो आणि खुणेपासून दहा ते तीस अक्षरे पुढे आरएनए कापतो. कापलेल्या नकलेच्या टोकाला लगेच ‘ए’ या एकाच अक्षराची माळ जोडली जाते. माणसात ती सुमारे दोनशे ते अडीचशे अक्षरांची असते. हीच शेपटी. तिच्यामुळे नक्कल केंद्रकाबाहेर सुखरूप जाते, लवकर कुजत नाही आणि प्रथिन घडवणाऱ्या यंत्रणेकडून स्वीकारली जाते. करोनाच्या साथीत पुण्यातील जिनोव्हा कंपनीने तयार केलेल्या आणि जून २०२२ मध्ये मंजुरी मिळालेल्या एमआरएनए लशीचे तत्त्वही याला अपवाद नाही. प्रयोगशाळेत रचलेल्या संदेशालाही अशी शेपटी द्यावीच लागते.

नक्कल अशी पुरी होते. पण पॉलिमरेजचे काय? ते अजून धाग्यावर आहे आणि लिहितच चालले आहे. लेथवरील कांब येथे आठवावी. कापून वेगळी केलेली वस्तू तबकात पडली आहे, कांब फिरते आहे. मानवी पेशीत पॉलिमरेज कापण्याच्या जागेपलीकडे कित्येकदा हजारो अक्षरे पुढे जाते. ते शेवटी सुटते कसे, याविषयी १९८७-८८ च्या सुमारास दोन मते पुढे आली. एक मत असे की, खूण ओलांडताच पॉलिमरेजच्या ठायीच बदल होतो, त्याची पकड ढिली पडते आणि ते गळून पडते. दुसरे मत असे की, कापल्यानंतर पॉलिमरेजमागे लोंबणारा जो आरएनएचा निरुपयोगी तुकडा उरतो, त्याच्या उघड्या टोकाला एक विकर लागते आणि ते तो तुकडा कुरतडीत पॉलिमरेजचा पाठलाग करते. गाठले की त्याला धाग्यावरून पाडते. या दुसऱ्या कल्पनेला पाणबुडीच्या अस्त्रावरून टॉर्पेडोचे नाव मिळाले. २००४ साली माणसात एक्सआरएन-दोन हे असे विकर असल्याचे प्राउडफुट यांच्या गटाने दाखवले, आणि त्याच वर्षी यीस्टमध्येही त्याचे भावंड सापडले. २०२० साली एक्सेटर विद्यापीठातील स्टीव्हन वेस्ट यांच्या गटाने दोन्ही मतांचा मेळ घातला. खूण ओलांडल्यावर एक फॉस्फेट काढणारे विकर पॉलिमरेजच्या सोबत्याला निष्प्रभ करते, त्यामुळे पॉलिमरेजची चाल मंदावते. आणि मंदावलेल्या पॉलिमरेजला पाठलाग करणारे विकर गाठते. तीस-बत्तीस वर्षे परस्परविरोधी समजली गेलेली दोन मते एकाच घटनेची दोन अंगे निघाली.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे, कारण ‘समाप्ती’ या एका शब्दाखाली किती भिन्न क्रिया झाकल्या जातात हे त्यावरून ध्यानात येते. खूण ओळखणे, कापणे, शेपटी जोडणे, चाल मंदावणे, पाठलाग आणि सुटका अशा या क्रिया आहेत. त्यांतच आणखी एका समाप्तीची भर पडते. प्रथिन घडताना, म्हणजे भाषांतरणाच्या वेळी, तीन अक्षरांचा एक संकेत आला की अमिनो आम्लांची माळ पुरी होते. तोही शेवटच, पण तो नकलेचा शेवट नव्हे. त्याच्यापुढे नकलेत शेकडो, कधी हजारो अक्षरे शिल्लक असतात, आणि वर सांगितलेली सहा अक्षरांची खूण असते ती त्या शिल्लक भागात. मराठीत शिकवणाऱ्याच्या हाताशी या साऱ्यांसाठी ‘समाप्ती’ हाच शब्द येतो. मग विद्यार्थ्याची समजूत अशी होते की, प्रथिनाचा संकेत आला, नक्कल संपली, पॉलिमरेज थांबले आणि सारे एकाच जागी, एकाच क्षणी घडले. ही समजूत चुकीची आहे, आणि तिला एकच शब्द सर्वत्र वापरण्याची सवय खतपाणी घालते.

या चुकीची किंमत काय, हे रक्ताच्या एका विकारावरून पाहता येते. महाराष्ट्रातील वाचकाला सिकलसेलची ओळख करून देण्याची गरज नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे या आजाराची झळ घरोघर माहीत आहे. त्याची भारतातील पहिली नोंद दक्षिणेतली, निलगिरीच्या आदिवासींमधली, १९५२ सालची. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदलते, त्यामुळे एक अमिनो आम्ल बदलते आणि प्रथिनाचा स्वभावच पालटतो. ही मजकुरातली चूक. ती समजायला सोपी, कारण शब्द बदलला की अर्थ बदलतो हे कोणालाही पटते.

आता अल्फा साखळीचा विचार करावा. माणसाच्या सोळाव्या गुणसूत्रावर अल्फा साखळीची दोन जनुके एकामागे एक अशी असतात. आधी लागते त्याला अल्फा-दोन म्हणतात, नंतरच्याला अल्फा-एक. सौदी अरेबियातील काही रुग्णांमध्ये अल्फा-दोनच्या शेवटच्या खुणेतील सहावे अक्षर ‘ए’ ऐवजी ‘जी’ झाल्याचे १९८३ साली आढळले. १९९४ साली भारतीय वंशाच्या रुग्णांमध्ये याच खुणेतील दोन अक्षरे गळाल्याची नोंद झाली. या दोन्ही प्रकारांत प्रथिनाच्या मजकुरात काडीचाही फरक नसतो. शब्द न् शब्द शुद्ध. बिघडलेले आहे ते फक्त शेवटचे मोर्तब. तरीही अल्फा साखळी कमी पडते आणि रुग्णाला थॅलेसेमिया होतो. सौदी प्रकारात दोन्ही गुणसूत्रांवर हा दोष आला तर हिमोग्लोबिन-एच हा अधिक गंभीर आजार उद्भवतो.

याचे स्पष्टीकरण १९८६ साली एमा व्हाइटलॉ आणि प्राउडफुट यांनी केलेल्या अभ्यासातून मिळाले. खूण बिघडल्यामुळे अल्फा-दोनची नक्कल नीट कापली जात नाही. कापली जात नाही म्हणून पॉलिमरेजला सुटण्याचा इशारा मिळत नाही. ते पुढे जात राहते आणि अल्फा-एकच्या हद्दीत शिरते. पहिल्याची नक्कल वाया जाते ती जातेच, शिवाय दुसऱ्याच्या कामातही अडथळा येतो. नकलेची कापणी आणि पॉलिमरेजची सुटका या भिन्न क्रिया असूनही परस्परांशी बांधलेल्या आहेत, हे या आजाराने शास्त्रज्ञांना शिकवले. जी गोष्ट निरोगी पेशीत दिसून आली नसती ती बिघडलेल्या खुणेने उघड केली.

हे सर्व रुग्णाच्या आईवडिलांना समजावून सांगण्याची वेळ येते तेव्हा भाषेचा कस लागतो. ‘जनुकात दोष आहे’ असे म्हटले की प्रथिन बिघडले आहे असा अर्थ घेतला जातो. ‘प्रथिन चांगले आहे पण पुरेसे तयार होत नाही’ असे म्हटले की आहारात काही कमी पडले असावे अशी शंका येते, आणि तिचा भार बहुधा आईवर पडतो. ‘मजकूर बरोबर आहे, त्याच्या शेवटी जे मोर्तब व्हायला हवे ते होत नाही, म्हणून तो कागद ग्राह्य धरला जात नाही’ असे सांगितले तर मराठी घरातील कोणाही माणसाला ते कळते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शिक्का नसेल तर काय होते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

‘मोर्तब’ हा शब्द येथे केवळ शोभेसाठी आणलेला नाही. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात मुद्रा दोन प्रकारच्या असत. एक पत्राच्या माथ्यावर, अधिकार सांगणारी. दुसरी लहान, मजकूर संपतो त्या ठिकाणी उमटवलेली. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा असते. तिचा हेतू उघड होता: येथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी काही वाढवले तर ते आमचे नव्हे. अनेक मुत्सद्द्यांच्या अखेरच्या मुद्रांवर ‘लेखनसीमा’ हा शब्द आढळतो. या अखेरच्या मुद्रेचे नाव मोर्तब, आणि माथ्यावरचा शिक्का व शेवटचे मोर्तब मिळून ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द झाला. तो आजही वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रोज येतो. मात्र त्यातील दोन घटकांचा भेद विसरला गेला आहे. तंजावरच्या भोसल्यांचा मोडी पत्रव्यवहार सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तमिळ मुलखात चालला. चेन्नईच्या प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयातही मराठी कागद आहेत. तेव्हा ओरगडमच्या लेथपासून मोडी कागदापर्यंतचे अंतर वाटते तितके लांबचे नाही.

पेशीतही माथा आणि अखेर अशा दोन खुणा आहेत. नकलेच्या माथ्याला एक रासायनिक टोपी चढवली जाते आणि अखेरीस शेपटी. दोन्ही असल्या तरच संदेश अस्सल ठरतो. पॉलिमरेजमागे लोंबणाऱ्या तुकड्याला टोपी नसते, आणि त्याच उघड्या टोकामुळे कुरतडणाऱ्या विकराला तो सापडतो. शिक्का नसलेला कागद रद्दीत जावा तसेच हे आहे.

यावरून एक सूचना पुढे ठेवता येते. मराठीत तीन शेवटांना तीन शब्द असावेत. भाषांतरणाच्या वेळी प्रथिनाची माळ जेथे पुरी होते त्याला ‘विराम’ म्हणावे. वाक्याचा अर्थ जेथे पुरा होतो तेथे विरामच असतो. नक्कल कापून तिला शेपटी जोडण्याच्या क्रियेला ‘मोर्तब’ म्हणावे आणि सहा अक्षरी खुणेला ‘मोर्तबाची खूण’. पॉलिमरेज शेवटी धाग्यावरून सुटते त्या प्रदेशाला ‘लेखनसीमा’ म्हणावे. हे तीन शब्द वापरले की वर वर्णन केलेला घटनाक्रम एका वाक्यात सांगता येतो: विराम नकलेच्या आत असतो, त्याच्यापुढे मोर्तब होते आणि त्याहून पुष्कळ पुढे लेखनसीमा येते. ‘समाप्ती’ हा शब्द तिन्हींकडे लावला तर हे वाक्य उभेच राहत नाही.

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप शब्दाच्या कुळाचा. ‘मोर्तब’ फारसीतून आलेला. शास्त्रीय परिभाषा संस्कृतातून घडवावी, असा आग्रह रघुवीरांच्या कोशापासून चालत आला आहे आणि मराठीत त्याला भाषाशुद्धीच्या चळवळीचेही बळ मिळाले. परंतु ज्या राज्यात राजव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, त्याच राज्यात संस्कृत वचन कोरलेली मुद्रा मोर्तब या नावाने वावरली, हे विसरता येत नाही. शब्दाचे कूळ पाहण्यापेक्षा त्याने काम किती केले आहे ते पाहावे. शिवाय ‘लेखनसीमा’ आणि ‘विराम’ हे दोन्ही शब्द संस्कृतच आहेत. तीन शब्दांत एक फारसी असणे हे मराठीच्या नेहमीच्या प्रकृतीला धरूनच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेशीत लेखकू नाही, चिटणीस नाही, कोणी मुद्रा उमटवीत नाही; तेथे रेणू रेणूंवर आदळतात आणि जे घडायचे ते घडते. दरबारी शब्द वापरले की विद्यार्थी पेशीला बुद्धी आणि हेतू चिकटवील. ही भीती खोटी नाही. पण ती ‘मोर्तब’ या शब्दापाशी सुरू होत नाही. ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ हे शब्द स्वीकारले तेव्हाच ती स्वीकारली गेली. आनुवंशिकतेच्या शास्त्राने लेखनाचे रूपक इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की ते सोडून त्याला बोलताच येणार नाही. रूपक टाळता येत नसेल तर ते अर्धवट ठेवण्यापेक्षा पुरे करावे आणि त्याच्या मर्यादा त्याच ठिकाणी सांगाव्यात. अर्धे रूपक अधिक फसवे असते. लेखकूचे चित्र देऊन त्याची अखेरची मुद्रा वगळली म्हणूनच तर पान संपले की लेखन संपले असा गैरसमज झाला.

येथे रूपकाची एक मर्यादा स्पष्ट केलीच पाहिजे. दरबारात लेखकू थांबतो आणि मग मोर्तब होते. पेशीत मोर्तब आधी होते आणि लेखकू नंतर थांबतो. किंबहुना मोर्तब झाले म्हणूनच तो थांबू शकतो. या उलट क्रमावर शिक्षकाने बोट ठेवले की विद्यार्थ्याला शब्द आणि वस्तू यांतील अंतरही कळेल आणि पेशीचा विशेषही. आणखी एक गोष्ट अशी की, सर्व जनुकांचे मोर्तब सारखे नसते. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळले जाते त्या हिस्टोन प्रथिनांच्या बहुतेक नकलांना ‘ए’ची शेपटी नसते; त्यांच्या अखेरीस आरएनएचीच एक घडी पडते आणि तीच खुणेचे काम करते. शब्द व्यापक असावा, पण त्याने अपवाद झाकू नयेत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: विद्यार्थी पुढे इंग्रजीतूनच शिकणार, मग मराठी शब्दांची ही उठाठेव कशाला? याचे उत्तर शेवटाच्या महत्त्वातच आहे. शेवट हा मजकुराला चिकटलेला निर्जीव भाग नसून अर्थ ठरवणारा भाग आहे, हे ज्याला पहिल्या भाषेत एकदा उमगले त्याला ते दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावे लागत नाही. रक्तातील बी पेशीचेच पाहावे. ती आयजीएम हे प्रतिपिंड तयार करते तेव्हा एकाच जनुकाची नक्कल दोन ठिकाणी संपवू शकते. मोर्तब पुढच्या खुणेवर झाले तर प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले राहते. अलीकडच्या खुणेवर झाले तर ते पेशीतून बाहेर सोडले जाते. पहिले प्रतिपिंड पहारा देते, दुसरे लढते. हा शोध १९८० सालचा आहे. मानवी जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांना शेवटाच्या एकाहून अधिक जागा असल्याचे नंतर दिसून आले. कथा कोठे थांबवावी यावर तिचा अर्थ अवलंबून असतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवे नाही. ते रेणूंच्या पातळीवरही खरे ठरावे, ही मात्र विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

विषाणूंनाही शेवटाचे मोल ठाऊक असावे तसे त्यांचे वर्तन आहे. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे एक प्रथिन खूण ओळखणाऱ्या संचातील एका घटकाला जखडते, हे १९९८ साली दाखवण्यात आले. त्यामुळे पेशीच्या स्वतःच्या नकला पुऱ्या होत नाहीत आणि विषाणूविरुद्धचे तिचे संदेश बाहेर पडत नाहीत. नागिणीच्या कुळातील हर्पीसचा विषाणू शिरल्यावर पेशीचे पॉलिमरेज जनुकांच्या हद्दी ओलांडून कितीतरी पुढे धावत सुटते, असे २०१५ च्या संशोधनातून दिसले. पेशीचा मजकूर न बदलता केवळ त्याची हद्द पुसली तरी ती निकामी होते.

मराठी विज्ञानलेखनाने आरंभाला भरपूर जागा दिली. जनुक चालू होणे, बंद होणे, त्यावरील नियंत्रण हे विषय आता पुष्कळांना परिचित झाले आहेत. शेवटाला तशी जागा मिळालेली नाही. ती मिळण्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. १९६० पासून काम करणाऱ्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा तीन शेवटांची तीन निराळी नोंद व्हावी. पाठ्यपुस्तकात प्रतिलेखनाची आकृती जेथे येते तेथे नकलेच्या टोकाशी एक कात्री आणि शेपटी काढली जावी आणि तिच्यापुढे पॉलिमरेज अजून धाग्यावर आहे हे दाखवले जावे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांच्या समुपदेशनासाठी मराठीत जी माहितीपत्रके निघतात त्यांत मजकुरातली चूक आणि मोर्तबातली चूक हा फरक दोन ओळींत सांगितला जावा.

यातून कोणताही रोग बरा होणार नाही. परंतु आपल्या मुलाच्या रक्तात काय बिघडले आहे हे एखाद्या घराला आपल्याच भाषेत नेमके कळेल, आणि ज्या चुकीत कोणाचाही दोष नाही तिचा दोष कोणाच्या माथी मारला जाणार नाही. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीवर समाधानही मानू नये.